कल्याणीची चावी

कुलूप तोडायला अक्कल लागत नाही, दगड लागतो. हे मी कल्याणीच्या बाजारात वीस वर्षं सांगत आलो आहे, आणि वीस वर्षं लोक आधी दगड घालून मग माझ्याकडे येत आले आहेत. माझं नाव गुरुलिंग. मी घड्याळं दुरुस्त करतो आणि कुलपंही. दोन्ही विद्या हैदराबादेत एकाच उस्तादापाशी शिकलो. ते म्हणायचे, "ताले कू समझाना रे बेटा, डराना नक्को." उस्तादांचा शब्द मी कधी मोडला नाही. त्यामुळे माझं काम सावकाश चालतं आणि तोवर गिऱ्हाईक कासावीस होतं, पण त्याला माझा इलाज नाही.

ही गोष्ट एकावन्न सालची. निजामशाही जाऊन तीन वर्षं होत आली होती. बरेच जहागीरदार हवेल्या बंद करून हैदराबादेला निघून गेले होते आणि त्यांचं सामान विकायला निघालं होतं. ज्यांच्या घरी धड पाट नव्हता त्यांच्या घरी झुंबरं लटकायला लागली होती. आमच्या गावच्या आप्पारावांनी अशाच एका हवेलीतलं उभं घड्याळ घेतलं. माणसाएवढं उंच, शिसवी लाकडाचं, समोर एकच लांब दार, दाराला काच, काचेआड तबकडी आणि लंबक. दाराला पितळी कुलूप. हे घड्याळ आप्पारावांनी घेण्याआधी मला दाखवलं नाही, याचा मला राग होता. तो इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मध्ये मध्ये येणार नाही.

त्या माघात आप्पारावांच्या शकूचं लग्न कोहिनूर गावच्या हणमंतरावांच्या अण्णारावशी झालं. आहेरात आप्पारावांनी ते घड्याळ दिलं. भांडीकुंडी सगळेच देतात, घड्याळ कोण देतं, असं त्यांना लोकांकडून ऐकायचं होतं आणि ते त्यांनी भरपूर ऐकलं. घड्याळ गोधड्यांत गुंडाळून बैलगाडीत उभं केलं, दोन माणसांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं आणि वरातीमागून ते कोहिनूरला गेलं. वाटेतल्या गावचे लोक बिचारे विचारत होते, आजारी कोण आहे म्हणून.

कोहिनूरला ते आठ दिवस चाललं. ठोके ऐकायला सगळं गाव हणमंतरावांच्या बैठकीत येऊन बसायचं. नवव्या दिवशी ते थांबलं. आठवड्याला किल्ली द्यावी लागते, आणि ती द्यायची तर दार उघडावं लागतं. दार बंद आणि दाराची चावी कुणापाशीच नाही. हणमंतरावांनी कल्याणीला निरोप धाडला, चावी पाठवा. आप्पारावांनी उलट निरोप दिला, "चावी दिलीय. दिली म्हंजी दिली."

कुणाजवळ दिली, कशात घालून दिली, एवढं एक वाक्य ते पुढं बोलले असते तर मला हे सांगायची वेळ आली नसती. पण निरोप्यापुढं खुलासा करणं आप्पारावांना कमीपणाचं वाटलं. हणमंतरावांनी त्याचा अर्थ काढला, व्याही आपल्याला खोटारडा म्हणतो. ते तडक चावडीत गेले आणि पाच माणसांसमोर बोलून बसले, "कल्याणीची चावी हितं आल्याबिगर आमची सून कल्याणीला जायची न्हाई. आन त्या आप्पारावाच्या वस्तूपुढं ह्यो हणमंतराव वाकंल, असं ह्या जन्मात व्हायचं न्हाई." दोन्ही घरांत बायका होत्या. त्यांना काही विचारावं असं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

माघ गेला, वैशाख गेला, श्रावण लागला. लग्नानंतरची पहिली नागपंचमी म्हणजे मुलगी माहेरी यायचीच. आमच्या भागात दिवाळी चुकली तर चालेल, पंचमी चुकत नाही. शकूला न्यायला तिचा भाऊ दोनदा कोहिनूरला गेला. दोन्ही वेळा त्याला गूळ-शेंगा, चहा, जेवण, सगळं मिळालं. बहीण तेवढी मिळाली नाही. चावीचा विषय तिथं काढायचा नाही, अशी त्याला आप्पारावांची ताकीद होती. शकूची आई सुमनबाई माझ्या दुकानावरून बाजाराला जाताना तोंडाला पदर लावून जायला लागली. मला वाईट वाटत होतं, पण माणसांच्या भांडणाला कुठली चावी बसते ते मला कुणी शिकवलेलं नाही.

पंचमीला चार दिवस उरले असताना कोहिनूरहून गाडी आली. हणमंतरावांचा निरोप होता, कोठीचं कुलूप बिघडलंय, ताबडतोब या. मी हत्यारांची पेटी घेतली. मी शरणांच्या, म्हणजे लिंगायत घरातला, परक्या घरचं अन्न घेत नाही, म्हणून बायकोनं भाकऱ्या आणि शेंगाची चटणी बांधून दिली. संध्याकाळी पोहोचलो. हणमंतराव दारातच उभे होते. माणूस थोराड, मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. पण त्या दिवशी त्यांनी तो आवाज अगदी खाली आणला होता.

"गुरुलिंगअण्णा, कल्याणीत कुणाला कळू देऊ नगा."

"कोठी कुठं हाय?" मी विचारलं.

"कोठीला कुलूपच न्हाई. घड्याळाचं दार उघडायचंय. सारं गाव हसायलंय मला. येता-जाता इचारतेत, पाटील, किती वाजले?"

"सहा महिने थांबलाव, मग दगड कामून घातला न्हाई?" मी जरा टोचूनच विचारलं.

"आहेराची वस्तू फोडावं काय? अपशकून व्हतो." हे बाकी मला आवडलं. कारण कुठलंही असो, त्यांनी दगड घातला नव्हता.

सकाळी मी ओसरीवर लिंगपूजा आटोपत होतो तेव्हा हणमंतराव आंघोळ करून आले. माजघरातल्या देव्हाऱ्यासमोर उभे राहिले आणि गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. एवढा मोठा माणूस, पण देवापुढं अगदी मऊ. मग उठून धोतर झटकलं आणि माझ्याकडे बघून पुन्हा पहिल्यासारखे ताठ झाले.

मी कामाला बसलो. वरून छिद्र साधं दिसत होतं. मी वाकडी तार घातली, आतले खटके चाचपले. खटके नव्हतेच. नुसती एक सुई खोल उभी होती. मी पेटीतल्या सगळ्या पोकळ चाव्या तिच्यावर बसवून पाहिल्या. बसत होत्या, पण फिरवल्या की गरागरा फिरायच्या आणि काही पकडायच्या नाहीत. मागची फळी काढावी म्हटलं तर ती एकसंध, आतून सांधलेली. बिजागऱ्याही आतून. ज्यानं हे केलं त्याला मी मनात नमस्कार केला आणि लगेच चार शिव्याही दिल्या. दोन तास गेले. हणमंतराव माझ्या मागं फेऱ्या घालत होते आणि दर फेरीला खोकत होते.

तेवढ्यात शकू पाण्याचा तांब्या घेऊन आली. लग्नात पाहिली होती त्यापेक्षा पोरगी वाळली होती. तांब्या ठेवून ती हळूच म्हणाली, "काका, उघडंल का वो?"

"उघडंल. कामून?"

"दार उघडलं की मामंजीचा राग जाईल. पंचमी तीन दिसावर आली. आई वाट बघत असंल." एवढं बोलून ती आत जायला वळली. मी पंचवीस हवेल्यांची कुलपं उघडली आहेत, पण त्या दिवसाइतकं एखादं दार उघडावं असं मला कधी वाटलं नव्हतं.

"पोरी, चमचाभर गोडंतेल दे," मी म्हटलं. तेल सोडून काही फरक पडेल असं नव्हे, पण नुसतं बसवत नव्हतं.

ती देव्हाऱ्यातल्या दिव्याजवळची तेलाची वाटी घ्यायला गेली. मी माजघराच्या उंबऱ्यापाशी उभा राहिलो. देव्हारा म्हणजे भिंतीतला कोनाडाच. ओळीनं चांदीचे टाक मांडलेले, खंडोबा, भवानी, यल्लम्मा. आणि टोकाला, मूठभर गव्हात उभा रोवलेला, दोन बोटं उंचीचा एक पितळेचा देव. मधोमध गोल डोकं, दोन्ही बाजूंना वळलेले दोन हात, खाली सरळ अंग. त्याच्यावर हळदीकुंकवाचा असा थर होता की पितळ मधूनच कुठं डोकावत होतं. पुढं ताजं फूल.

मी बघतच राहिलो. घड्याळांच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला चावी ओळखायला दात लागत नाहीत. हिला दात नव्हतेच. नुसता पोकळ दांडा आणि वर धरायला नक्षीची मूठ. जुन्या परदेशी घड्याळांच्या दाराला अशा चाव्या असतात. खेड्यात चावी म्हणजे वीतभर लोखंड आणि त्याला दोन दात. हिला चावी कोण म्हणणार?

"अक्का, ह्यो शेवटचा देव कुठला?" मी चुलीजवळ बसलेल्या सोजराबाईंना विचारलं. सोजराबाई म्हणजे हणमंतरावांच्या मालकीण, शकूची सासू. त्यांनी शकूकडे पाहिलं. शकूनं त्यांच्याकडे पाहिलं.

"घरचाच हाय की," दोघी एकदम म्हणाल्या.

तेवढ्यावर माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं. सुमनबाईनं लेकीची ओटी भरताना चावी तांदळात घातली. लेक रडत होती, आईनं काय सांगितलं ते तिला ऐकू गेलं नाही. सासरी ओटी सोडली सासूनं. तांदळात हळकुंड, सुपारी, खोबरं आणि एक पितळेचा देव निघाला. लेकीबरोबर माहेरचा देव धाडायची चाल काही घरांत आहेच. सोजराबाईंनी तो मानानं देव्हाऱ्यात बसवला. सुनेला तिच्या देवाचं नाव विचारणं म्हणजे तुमचा देव आम्हाला ठाऊक नाही म्हणण्यासारखं, म्हणून विचारलं नाही. सुनेनं पाहिला तो आधीच इतर देवांत बसलेला. नव्या सुनेनं सासरच्या देवाचं नाव विचारायचं म्हणजे आईनं काही शिकवलं नाही म्हणून घ्यायचं, म्हणून तिनंही विचारलं नाही. सहा महिने दोघी एकमेकींचा देव म्हणून घड्याळाच्या चावीला फुलं वाहत होत्या.

आता सांगायचं कसं? सांगितलं की पहिली वीज शकूवर पडणार. तुझ्या ओटीत चावी होती आणि तू गप बसलीस, असंच हणमंतराव म्हणणार. दुसरी सोजराबाईंवर. चावी पुजणारी म्हणून गाव त्यांना शेवटपर्यंत सोडणार नाही. मी ठरवलं, बोलायचं नाही. चावीचं माप घ्यायचं, दुसरी करायची, दार उघडायचं आणि पोरीला माहेरी जाऊ द्यायचं. स्वतःच्या हुशारीवर मी तेव्हा फार खूश होतो.

पण परक्याच्या देव्हाऱ्याला हात लावायचा तर एकच वाट होती. "अक्का, जरा दर्शन घेतो," मी म्हटलं. सोजराबाईंच्या हातातली भाकरी तव्याच्या कडेवरच राहिली. माझ्या गळ्यात लिंग आहे. त्याच्याशिवाय मी आजवर कुणापुढं मान वाकवलेली नाही, तुळजापूरला गेलो तेव्हासुद्धा बाहेर चपला राखत बसलो. आणि आता वाकलो तो चावीपुढं. मनात बसवण्णांची माफी मागितली, देव उचलून कपाळाला लावला आणि दांड्याच्या पोकळ तोंडावर अंगठा दाबून धरला. गव्हातून झिरपलेलं सहा महिन्यांचं कुंकू आत गच्च भरलेलं होतं. देव गव्हात पुन्हा रोवून मी बाहेर आलो आणि अंगठा पाहिला. त्यावर लाल तिकोन उमटला होता.

सुई तिकोनी होती. म्हणून माझ्या गोल चाव्या तिच्यावर फिरत राहायच्या. मी एक सळई कानशीनं तिकोनी केली, तिच्यावर पितळी नळी चढवून ठोकली, वर मूठ डागली. तासाभरात चावी झाली. छिद्रात घातली, फिरवली, आणि दार असं अलगद सुटलं की जणू कुणी आतून उघडलं.

हणमंतरावांनी दाराआडच टांगलेली किल्ली काढून घड्याळाला दिली, लंबकाला हात लावला. घड्याळ टिकटिकायला लागलं. बारा वाजायच्या सुमारास त्यानं सात ठोके दिले, पण त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. आवाज गल्लीत गेला तशी चावडीतली तीच पाच माणसं बैठकीत येऊन बसली. हणमंतरावांनी चहा सांगितला. मिशांवरून हात फिरवला. मी म्हटलं, हीच वेळ आहे.

"पाटील, दार उघडलं. आता पोरीला पंचमीला धाडा. मी चाललोच हाय, गाडीत घेऊन जातो."

हणमंतरावांचा हात मिशीवरच थांबला. "कसं धाडावं?"

"कामून?"

"माझा शब्द काय हुता? कल्याणीची चावी हितं आल्याबिगर सून जायची न्हाई. ही चावी कल्याणीची हाय का? ही तुमी हितं ओसरीवर ठोकलीय. ह्या पाच माणसांनी आयकलंय माझं बोलणं. इचारा तेंना."

पाचही माणसांनी माना डोलावल्या. त्यांनी खरंच ऐकलं होतं.

मला असा राग आला की हातातली हातोडी खाली ठेवावी लागली. कुलूप समजावता येतं, कारण त्याच्या आत काहीतरी हलतं. ह्या माणसाच्या आत काय हलवायचं? वाईट याचं होतं की ते मुद्दाम करत नव्हते. त्यांचंही तोंड उतरलं होतं. त्यांनाही बहुतेक वाटत होतं, कुणीतरी आपल्याला यातून सोडवावं. पण शब्द म्हणजे शब्द. म्हणजे माझ्या हुशारीनं झालं काय, तर घड्याळ सुरू झालं, आता कल्याणीच्या चावीची गरजच कुणाला उरली नाही, आणि शकूची वाट कायमची बंद झाली.

मी आवराआवर करायला उठलो आणि हात धुवायला पाणी मागितलं. माजघराच्या दारात सोजराबाई तांब्या घेऊन आल्या. मागं शकू होती, डोळे लाल. सोजराबाईंनी पाणी ओतलं नाही. माझ्या अंगठ्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

"अण्णा, तुमी लिंगायत. आमच्या देवाला एवढा येळ डोकं कामून टेकलाव? आन अंगठ्याला कुकू कशाचं?"

ह्या बाईला सहा महिन्यांत कुणी एक प्रश्न विचारला असता तर! मी ओसरीवर ठोकलेली नवी चावी त्यांच्या हातावर ठेवली आणि बोटानं तिच्या पोकळ तोंडाकडे दाखवलं. त्यांनी ते तोंड पाहिलं, माझा अंगठा पाहिला. मग देव्हाऱ्याकडे गेल्या, गव्हातला देव उपटला आणि उलटा धरला.

पोकळ तोंडात लाल तिकोन होता. मग शकू म्हणाली, "आत्याबाई, मला वाटलं तुमचा हाय."

"मला वाटलं तुझ्या माहेरचा," सोजराबाई म्हणाल्या आणि तिथंच खाली बसल्या. आधी त्यांचे खांदे हलले. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या. पदराचा बोळा तोंडात धरून, आवाज न करता हसत होत्या, आणि शकू घाबरून बघत होती.

हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या पहिल्या पंचमीला माझा भाऊ आला हुता न्यायला. तेला परत लावला मामंजींनी. कामून, तर लग्नातल्या पटक्याचा रंग उतरला म्हणून. मी ह्याच चुलीपुढं भाकरी थापत बसले, आन तिकडं पोरी झोके खेळायल्या असतील म्हणून रडले. तवा कुणाचाच देव धावून आला न्हाई." त्यांनी डोळे पुसले आणि आवाज चढवला. "अवं, जरा आत या."

हणमंतराव आत आले. सोजराबाईंनी चावी पुढं केली.

"ही कल्याणीची चावी. माघातच आलीय. ओटीच्या तांदळात."

हणमंतरावांनी चावी पाहिली, बायकोला पाहिलं आणि मग जे व्हायचं तेच झालं, ते शकूकडे वळले. "म्हंजी तुला ठावं हुतं?"

"तिला न्हाई ठावं. मी देव म्हणून बसवली," सोजराबाई म्हणाल्या. "मला काय, मी सांगते की चावडीत. सोजराबाई चावी पुजती म्हणून हसंना का गाव. आन संगट हे बी सांगते, रोज सकाळी आंघुळ करून गुडघं टेकून कपाळ कोण लावत हुतं तिच्यापुढं. सहा महिने. एक दीस खाडा न्हाई."

मी इकडे पाणी नसलेले हात धुतल्यासारखे चोळत राहिलो. हणमंतरावांच्या तोंडावर जे एकामागून एक येत गेलं ते मी घड्याळाच्या तबकडीवरसुद्धा इतकं स्पष्ट कधी वाचलेलं नाही. आधी ते समजेना, मग समजलं, मग त्यांनी मनात दिवस मोजले. बाहेर पाच माणसं चहा पीत होती आणि मधूनमधून दाराकडे बघत होती.

"सांगू, का तुमी सांगताव?" सोजराबाईंनी विचारलं.

हणमंतरावांनी घसा खाकरला. बैठकीत गेले आणि उभ्यानंच म्हणाले, "कल्याणीची चावी आलीय."

"कवा आली?" एकानं विचारलं.

"आली म्हंजी आली." मग अंगणाकडे तोंड करून त्यांनी आपल्या खऱ्या आवाजात हाक दिली, "अण्णाराव, गाडी जुंप. सून माहेरी जायलीय."

पुढचा अर्धा तास घरात नुसती धावपळ. सोजराबाईंनी सुनेची वेणी स्वतः घातली. नवं लुगडं काढलं, लाह्यांचं गाठोडं बांधलं, विहिणीला चोळीखण दिला. मी म्हटलं, "अक्का, ती जुनी चावी घड्याळालाच अडकवू का? नवीपेक्षा नेमकी बसंल."

"नगं," त्या म्हणाल्या. त्यांनी ती धुतली, पुसली आणि पुन्हा गव्हात रोवली. "तुमची हाय की घड्याळाला. हिनं माझ्या सुनंला पंचमीला धाडलं. बाकीच्यांनी काय केलं?" खंडोबा-भवानीसमोरच म्हणाल्या. मी ऐकलं न ऐकलंसं केलं. हणमंतराव दारातच होते. त्यांनीही तेच केलं.

गाडी निघाली. अण्णाराव हाकत होता, शकू मागं बसली होती, मी पेटीवर. भाकऱ्यांचं गाठोडं सोडून मी पोटभर खाल्लं, तिनं काही खाल्लं नाही. गाव मागं पडल्यावर ती म्हणाली, "काका, एक सांगू का? हसू नगा."

"सांग."

"मला वाटायचं, त्यो सासरचा देव हाय, तेच्याच हातात समदं असंल. म्हणून मी माझ्या माहेरच्या देवांना सोडून रोज तेलाच सांगायचे. एकदा माहेरी धाड म्हणून. दुसरं काय बी मागितलं न्हाई."

आमच्या घरात लहानपणापासून शिकवलेलं की धातूच्या, दगडाच्या, लाकडाच्या देवात काही नसतं. मी ते मानतो. पण त्या पोरीला काय सांगणार होतो? मी म्हटलं, "पोचायलीस नव्हं? मग झालं."

दिवस कलला होता. कल्याणीच्या किल्ल्याचा बुरूज दिसायला लागला तशी शकूनं लुगडं सावरलं आणि चालत्या गाडीतून खाली उडी मारली. अण्णाराव "अगं अगं" करत राहिला. बैल तिला फार हळू वाटायला लागले होते. ती पुढं पायीच निघाली, आणि वेशीपर्यंत आम्हाला काही ती गाठता आली नाही.